ट्रंकेतली ६३ पत्रं : सफाई, स्कॅनिंग आणि वाचन यांच्या नोंदी (कोल्हापूर, जून ते नोव्हेंबर २०२४)

सामान असं : मंगळवार पेठेतल्या एका घराच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. आत दुसऱ्या महायुद्धात इमर्जन्सी कमिशन (युद्धापुरती अधिकाऱ्याची नेमणूक) घेऊन मराठा पलटणीत गेलेल्या तरुण अधिकाऱ्याची घरी आलेली ६३ पत्रं, १९४२ अखेर ते १९४५. पलटण ८व्या इंडियन डिव्हिजनमधली, म्हणजे आधी इराक, मग सीरिया आणि सप्टेंबर १९४३ पासून इटली. गृहस्थ सुखरूप परत आले. घरून त्यांना गेलेली ८ पत्रंही त्यांनी सामानातून परत आणली, ती याच ट्रंकेत आहेत. वडिलांना (आबासाहेब) लिहिलेली २२ इंग्रजीत, आईसाहेबांना ३१ मराठीत, भावंडांना ७ आणि एअरग्राफ ३.

कुणाच्या घरी असं गाठोडं असेल तर आमच्या चुका वाचून घ्या, पुन्हा करू नका.

२ जून

ट्रंक उघडली. तळाला डांबरगोळ्यांची पूड, कडेने गंज. ४१ पत्रं एका सुताने बांधलेली, बाकी सुटी.

पहिली चूक पहिल्याच तासात. सूत सोडलं आणि पत्रं आकाराप्रमाणे लावली. टेबल नीटनेटकं दिसलं खरं, पण आईसाहेबांनी ज्या क्रमाने गठ्ठा बांधला तो क्रम गेला. सूत सोडण्याआधी गठ्ठ्याचे चारही बाजूंनी फोटो काढायचे, मग वरून एकेक पत्र उचलून मऊ पेन्सिलीने (२बी) मागच्या कोपऱ्यात आकडा टाकायचा, हे नंतर सुचलं.

त्यातल्या त्यात एक गोष्ट बरी केली : यादी करताना प्रत्येक पान अलगद उघडून मोबाइलवर साधा फोटो काढला आणि घडी होती तशी मिटली. त्याची किंमत २३ जूनला कळली.

५ जून

गेलेला क्रम किडीने परत मिळवून दिला. गठ्ठ्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात किड्याने आरपार पोखरलं होतं. एका पत्रावर मोहरीएवढं भोक, त्याखालच्यावर तेच भोक किंचित सरकलेलं, पुढच्यावर आणखी सरकलेलं. पत्रं मूळ घडीतच ठेवून भोकावर भोक जुळवत गेलो. टाचणीच्या गंजाचे डागही असेच एकमेकांवर बसतात. ४१ पैकी २६ पत्रांचा क्रम लागला. उरलेल्या १५ पुढे ‘क्रम अज्ञात’ असं लिहून मोकळे झालो. वेळ : दोघांचे सहा तास.

घड्या सपाट केल्यावर हे जुळवता आलं नसतं. म्हणून घड्या सगळ्यात शेवटी सपाट करा.

९ जून

टाचण्या. एकूण ३४, सगळ्या गंजलेल्या. ओढली की कागदाचा तुकडा घेऊनच बाहेर येते. पद्धत : टाचणीच्या वर आणि खाली जाड प्लॅस्टिक फिल्मची पट्टी सरकवायची, बोथट पात्याने गंजाची पापडी सुटी करायची, मग टाचणी हलवायची ती कागदाला समांतर. एका टाचणीला ४ ते ५ मिनिटं लागतात. ३ ठिकाणी कागद फाटलाच.

धूळ मऊ, शेळीच्या केसांच्या ब्रशने, मधून कडेकडे. पेन्सिलीच्या पत्रांवर रबर किंवा स्पंज अजिबात नको.

१४ जून

आर्द्रतामापक दोन घेतले, ४५० रुपयांना एक. शेजारीशेजारी ठेवले तर एक ७१ दाखवतो, दुसरा ८०. मिठाची परीक्षा घेतली : बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ, चार थेंब पाणी टाकून ओलसर गाळ. झाकण आणि मापक दोन्ही झिपच्या पिशवीत बंद, १२ तास. आत ७५ टक्के यायला हवं. एक ७४ वर आला, दुसरा ८३ वर. दुसऱ्याच्या पाठीवर चिठ्ठी लावली : ८ वजा करा.

म्हणजे खोलीत खरोखरच ७१-७२ होतं. ‘चालतंय’ म्हणत बसलो असतो तर बुरशीला आमंत्रणच होतं. ६५ च्या वर ती धरते.

२३ जून

या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आज झालं.

घड्या सरळ करायला दमट पेटी केली होती. झाकणाचा प्लॅस्टिक डबा, तळाला डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर पत्रं, वर झाकण. झाकणाच्या आतूनही कोरडा टिपकागद चिकटवायचा, नाहीतर वाफेचा थेंब पत्रावर पडतो. दोन-अडीच तासांत कागद नरमतो, घडी हाताने उघडते, मग टिपकागदांत घालून वजनाखाली. शाईच्या चार पत्रांवर उत्तम जमलं. प्रत्येकाच्या एका टिंबावर थेंब टेकवून, टिपकागद दाबून शाई सुटत नाही ना हे आधी पाहिलं होतं.

पुढच्या खेपेला सहा पत्रं घातली, त्यात क्र. १९. ते पेन्सिलीचं. पेन्सिलीला काय होतंय, असं म्हणून परीक्षा घेतलीच नाही.

दोन तास चाळीस मिनिटांनी झाकण काढलं तर राखाडी अक्षरं जांभळी झाली होती. ती साधी पेन्सिल नव्हती, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात रंग मिसळलेला असतो, ओल लागली की तो जागा होतो. सैन्यात ती सर्रास वापरात होती : दौत नको, आणि लिहिलेलं खोडता येत नाही. अक्षरांभोवती जांभळा धुरळा पसरला, घडीवरच्या चार ओळी एकमेकींत मिसळल्या, आणि समोरच्या पानावर सगळं उलटं उमटलं. याला उपाय नाही. पुसायला गेलं तर आणखी पसरतं.

२ जूनच्या मोबाइल फोटोवरून त्या चारही ओळी वाचता आल्या. स्कॅन झालेला नव्हता. नियम भिंतीवर लावला : स्कॅन आधी, पाणी नंतर.

२४ जून

पेन्सिलीची २२ पत्रं दहापट भिंगाखाली. साध्या पेन्सिलीची रेघ नुसती चकचकीत करडी असते. कॉपिंग पेन्सिलीच्या रेघेत कुठे कुठे जांभळे ठिपके दिसतात, विशेषतः जिथे लिहिणाऱ्याचा घामट हात टेकला तिथे. शंका असेल तर कापसाच्या टोकाला नावापुरती ओल घेऊन पूर्णविरामाला टेकवायची. ०.५ मिमीचा ठिपका गेला तर गेला. २२ पैकी १३ कॉपिंग निघाली. त्यांना लाल चिठ्ठी : पाणी नाही, खळ नाही, दमट पेटी नाही. कोरडीच दोन टिपकागदांत, वर ४ किलो वजन, सहा आठवडे. पूर्ण सपाट झाली नाहीत, पण वाचता येतात.

एअरग्राफ वेगळे काढले. अर्जावर लिहिलेला मजकूर फिल्मवर घेऊन, फिल्म विमानाने पाठवून, इकडे तळहाताएवढ्या फोटोकागदावर छापत. म्हणजे ते पत्र नव्हे, फोटो आहे. कडेला धरायचं, ओल नाही, फ्रीजर नाही.

३० जून

फाटलेल्या घड्यांना जोड. पहिल्यांदा मैद्याची खळ केली. वाळल्यावर जोड पापडासारखा कडक आणि पिवळट. मैद्यातला चिकट भाग (ग्लूटेन) राहतो, किडीलाही तोच आवडतो. चाचणीच्या कोऱ्या कागदावरच केली होती म्हणून निभावलं.

दुसऱ्यांदा गव्हाचा चीक. कुरडयांना काढतात तसाच : गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, चीक तळाला बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून नवं घालायचं. कुरडईला एकदोनदा पुरतं, इथे वरचं पाणी नितळ येईपर्यंत पाच वेळा केलं. चीक वाळवून पूड. एक भाग पूड, पाच भाग डिस्टिल्ड वॉटर, मंद आचेवर अर्धा तास सतत हलवत. गार झाल्यावर दोनदा चाळणीतून, मग दाट ताकाइतकी पातळ. मीठ किंवा मोरचूद घालू नका. पावसाळ्यात फ्रीजमध्येही दोन दिवसांत आंबते, वाटीभरच करा.

जोडाला पातळ जपानी टिश्यू, मुंबईहून मागवला, दोन ताव ४८० रुपये. पट्टी कात्रीने कापायची नाही. पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. पतंगाचा कागद वापरून पाहा असं दोघांनी सुचवलं. त्याचा रंग सुटतो.

सेलोटेप ९ पत्रांवर आहे. ५ ठिकाणी वरची पट्टी आपोआप गळली, खाली तपकिरी डाग. ४ ठिकाणी घट्ट आहे. हेअर ड्रायर लावायचा मोह आवरला. ती तशीच ठेवली. दोन पत्रं घरच्यांनी पूर्वीच लॅमिनेट केली होती, त्यांचं काही होत नाही, नुसतं स्कॅन. लॅमिनेशन ‘कायमचं टिकतं’ असं दुकानदार सांगतो. कायमचं तेवढं खरं.

२७ जुलै

पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्याही वर. घर उंचावर आहे, पाण्याची भीती नाही, पण खोलीत आर्द्रता ८८. सगळं थांबवलं. या हवेत कागद नुसता टेबलावर ठेवला तरी नरमतो, पेटीची गरजच नाही. पण तसाच राहिला तर चार दिवसांत बुरशी.

किडीसाठी पत्रं फ्रीजरमध्ये आहेत : झिपच्या दुहेरी पिशव्या, हवा काढून, उणे १८ अंश, १४ दिवस. नवव्या दिवशी लाइट ११ तास गेली, आतला बर्फ सुटला. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरची ओल कागदावर जमते.

डब्यांत सिलिका जेल, नारिंगी दाण्यांचं. निळ्यात कोबाल्ट असतं, घरात नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर अडीच तास. या हवेत दर सहा दिवसांनी करावं लागलं.

१८ ऑगस्ट

स्कॅनिंग. आधी आणलेला सडपातळ स्कॅनर परत केला. त्यात सीआयएस सेन्सर असतो, काचेपासून दोन मिलिमीटर वर उचललेला कागदही पुसट येतो. आमच्या पत्रांना तर घडी घडीला उंचवटे. जुना, जाड, सीसीडी सेन्सरचा सेकंडहँड घेतला, ६,५०० रुपये. फरक पहिल्याच पानात दिसला.

४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. ए४ पान ४६ एमबी होतं. ६०० ला १०४, आणि वाचनात काडीचा फरक नाही. ‘टेक्स्ट एन्हान्स’, ‘डस्ट रिमूव्हल’ बंद. दुसऱ्याने एका पत्रातले सात अनुस्वार धूळ समजून पुसले होते!

विमानपत्राचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मागचं पुढे दिसतं. पाठीमागे काळा कार्डपेपर ठेवला की मागची अक्षरं बरीच दबतात. पांढरा ठेवला की वर येतात.

कोऱ्या बाजू, पाकिटं, पाकिटाच्या आतल्या बाजू, सगळं स्कॅन. एकूण ३१२ बाजू, ९ जीबी.

फाइलींना आधी मराठी नावं दिली होती, ‘आईसाहेब_१४मे’ वगैरे. झिप करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. ८४ फाइलींची नावं बदलण्यात एक संध्याकाळ गेली. आता नुसते इंग्रजी आकडे : वर्ष-महिना-दिवस-पत्र क्रमांक-बाजू.

तपकिरी डागाखालची निळी शाई वाचायची असेल तर रंगीत स्कॅनमधला फक्त लाल चॅनेल उघडा. डाग फिका पडतो, शाई काळी दिसते. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीला हिरवा चॅनेल. क्र. १९ च्या चारपैकी दीड ओळ अशी मूळ कागदावरूनही वाचता आली.

८ सप्टेंबर

तारखा. १७ पत्रांवर वर्ष नाही, नुसतं ‘१४/५’. पत्त्यावरून गाळणी लागते : ‘पायफोर्स’ असेल तर इराक-इराण, पुढे ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्व, ‘सी.एम.एफ.’ म्हणजे इटली. पाकिटावर फील्ड पोस्टाचा शिक्का असतो, त्यात नंबर आणि तारीख. गावाचं नाव नसणारच.

सापळा हा की घरच्यांनी वाचून झाल्यावर पत्रं भलत्याच पाकिटांत घातली आहेत. घडीची मापं पाकिटाशी जुळवली तेव्हा ५१ पाकिटांपैकी ११ चुकीची निघाली. शिक्क्याची तारीख पत्राला लावण्याआधी हे करा. आम्ही नंतर केलं, तक्ता दोनदा लिहिला.

आईसाहेबांच्या एका उत्तरावर तारीखच नाही. ‘आज वटपौर्णिमा’ एवढंच, आणि रोम घेतल्याची बातमी वर्तमानपत्रात आल्याचा उल्लेख. रोम ४ जून १९४४ ला पडलं, पौर्णिमा ६ जूनला. नॉर्मंडीच्या चढाईचा उल्लेख नाही, कारण ती त्याच दिवशी होत होती.

आजोबांची पाच पत्रं मोडीत, शकाच्या तारखांची. शकात ७८ मिळवले की सन, हे सर्वांना पाठ. पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. ‘माघ, शके १८६६’ आम्ही १९४४ लावलं होतं, ते १९४५. आजोबा ज्या थंडीबद्दल विचारतात ती इटलीतल्या सेर्चिओ खोऱ्यातली, हे त्यानंतर जुळलं.

२९ सप्टेंबर

मोडी वाचून घेतली, १४ पानं, पानाला १५० रुपये. ऱ्हस्व-दीर्घ मोडीत वेगळं नसतं, शब्दही सुटे नसतात. म्हणून वाचणाऱ्याकडून दोन प्रती मागितल्या : एक अक्षराला अक्षर, दुसरी शब्द तोडून. एकच घेतली तर कुठे त्याने तोडलं आणि कुठे लिहिणाऱ्याने, हे कळत नाही.

मराठी पत्रं टंकायला मोबाइलवर बोलून लिहायची युक्ती केली. वेगात ११ पत्रं झाली. पडताळताना दिसलं की ‘नाहीं’ चं ‘नाही’, ‘घरांत’ चं ‘घरात’, ‘केलें’ चं ‘केले’ झालंय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे अनुस्वार मोबाइलने न विचारता काढून टाकले. अकराही पुन्हा, हाताने.

संक्षेप फोडायचे नाहीत. ‘ती. आबासाहेबांचे चरणी शि. सा. न. वि. वि.’ (तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष) जसंच्या तसं, शेवटी एकदाच खुलासा. धाकट्या बहिणीला ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद) लिहिणारा हा मुलगा आजोबांना ‘कृ. सा. न.’ (कृतानेक साष्टांग नमस्कार) लिहितो, आणि १९४५ च्या पत्रांत घाईमुळे दोन्हीची गल्लत करतो. ती गल्लतही ठेवायची.

१३ ऑक्टोबर

सेन्सॉर. जवानांची पत्रं पलटणीतले अधिकारी तपासत. अधिकारी स्वतःच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात सही करी, पण पुढे बेसवर पाकीट उघडलं जाई. १४ पाकिटांवर तपासनिसाची चिकटपट्टी आहे. ती काढू नका, तीही पत्राचाच भाग.

दोन पत्रांत ब्लेडने कापलेल्या खिडक्या आहेत. नोंद दोन्ही बाजूंची करा : पुढच्या बाजूला गावाचं नाव गेलं असेल, पण मागे आईसाहेबांच्या औषधाबद्दलचं निरुपद्रवी वाक्यही गेलं. लिप्यंतरात [कापलेले, सुमारे २ शब्द] असं. अंदाजाने भरायचं नाही.

आता मुख्य घोळ. १९ पत्रांच्या समासात निळ्या बॉलपेनने गावांची नावं आहेत. अक्षर त्याच गृहस्थांचं. सुरुवातीला आम्ही ती मजकुरातच घेतली. पण बॉलपेन सर्वदूर बाजारात आलं ते १९४५ नंतरच. म्हणजे ही नावं कित्येक वर्षांनी, तेव्हा लिहायला बंदी होती ती भरायला, आठवणीतून लिहिलेली. आणि आठवण चुकते. २०-११-४३ च्या पत्रावर ‘कसिनो’ लिहिलंय. त्या महिन्यात ८वी डिव्हिजन इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर सांग्रो नदीपाशी होती, कसिनोच्या बाजूला ती १९४४ च्या वसंतात आली आणि ११ मेच्या रात्री गारी नदी ओलांडली. पत्रातही चिखल आणि पूर आलेली नदी आहे, ते सांग्रोचंच वर्णन.

दुरुस्त केलं नाही. मूळ मजकूर काळ्यात, बॉलपेनची नावं वेगळ्या रंगात, आमची टीप तळाला. तिघांचे आवाज एका ओळीत घातले की पुढच्याला सोडवता येत नाहीत. आधी टंकलेली सगळी १९ पत्रं परत काढून हे वेगळं केलं, तीन रविवार.

१० नोव्हेंबर

साठवण. कोपऱ्यातल्या दुकानातल्या प्लॅस्टिक पाकिटांवर ६०० रुपये घातले, उघडल्यावर नव्या रेक्झिनचा वास आला. वास म्हणजे पीव्हीसी, कागदाला वाईट. फेकली. पॉलिएस्टरची पाकिटं १८ रुपयांना एक, शंभर घेतली. पण पेन्सिलीची पत्रं त्यात नाहीत : पॉलिएस्टर स्थिर विजेने भारित होतं, पेन्सिलीची भुकटी ओढून घेतं. ती आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये. फोल्डर आणि तीन खोकी ४,१५० रुपये, कुरिअर धरून.

एकूण खर्च २७,८९८. त्यात दोन हार्ड डिस्क मिळून ९,२०० च्या, एक इथे, एक पुण्याला नातेवाइकांकडे.

खोकी माळ्यावर परत नाहीत, तिथे उन्हाळ्यात पत्रा तापतो. मधल्या मजल्यावर आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून दोन फूट वर. आज आतली आर्द्रता ५२. सूत आणि ३४ टाचण्या वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत.

राहिलेलं : क्र. ३३ चं दुसरं पान बहुधा त्याचं नाही. घडी जुळते, शाई जुळत नाही. तोवर दोन्ही पानं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये.